हाड जुळले, औषध सुटले

शिवडी म्हटले की मुंबईकरास खाडीच्या चिखलात उतरणारे रोहित पक्षी आठवतात, जुना किल्ला आठवतो आणि जानेवारी २०२४ पासून अटल सेतूही आठवू लागला आहे. परंतु या शहराच्या आरोग्याच्या इतिहासात शिवडीची ओळख निराळी आहे. येथील महापालिकेच्या क्षयरोग रुग्णालयाने रुग्णांच्या कित्येक पिढ्या पाहिल्या. क्षयाच्या रुग्णाला बजावून सांगावयाची मुख्य गोष्ट एकच असे. खोकला थांबला, भूक लागू लागली, वजन वाढले, तरी गोळ्या थांबवावयाच्या नाहीत. बरे वाटणे आणि बरे होणे यांत अंतर असते. १९९७ मध्ये देशाच्या क्षयरोग कार्यक्रमाने ‘डॉट्स’ पद्धती स्वीकारली, ती अशाच अनुभवातून. रुग्ण गोळी घेतो आहे हे कोणी तरी प्रत्यक्ष पाहावे आणि तो आला नाही तर घरी जाऊन विचारपूस करावी, असा त्या पद्धतीचा गाभा होता.

क्षयाच्या बाबतीत हा धडा समाजाने पुष्कळ अंशी गिरवला. ठिसूळ हाडांच्या बाबतीत, म्हणजे ज्याला डॉक्टर ‘ऑस्टिओपोरोसिस’ म्हणतात त्या विकाराच्या बाबतीत, तो अद्याप गिरवावयाचा आहे. घराघरांतील वयोवृद्ध श्राविका आणि श्रावक यांच्या पुढील आयुष्याचा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

अनेक घरांतील एक चित्र

शिवडी, लालबाग, परळ या भागांतील कोणत्याही व्यापारी कुटुंबात घडू शकेल असा हा प्रसंग आहे. सकाळी देरासरात प्रक्षाळ झाल्यावर संगमरवरी पायरी ओली असते. अडुसष्ट वर्षांच्या आजींचा पाय सरकतो. उंचावरून पडणे नाही, कोणाचा धक्का नाही. उभ्या होत्या तेथेच हात टेकून खाली बसल्या, एवढेच. तरी मनगट मोडते. प्लास्टर चढते आणि काही आठवड्यांनी उतरते. डॉक्टरांनी कागदावर कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व आणि आठवड्यातून एकदा घ्यावयाची एक गोळी लिहून दिलेली असते.

पहिला महिना गोळी नियमाने घेतली जाते. पुढे पर्युषण येते आणि उपवासाच्या दिवसांत गोळी राहून जाते. त्यानंतर दिवाळीची धांदल, वहीपूजन, पाहुणे. मनगट तर आता दुखत नाही. पोळ्या लाटता येतात. गोळ्यांची पट्टी कपाटात तशीच राहते. तीन वर्षांनी मोरीत पाय घसरतो आणि या वेळी खुबा मोडतो. मग शस्त्रक्रिया, वॉकर, रात्रंदिवसाची बाई आणि देरासराच्या पायऱ्या कायमच्या दुरावलेल्या.

या घरात कोणी निष्काळजी नव्हते. मुलगा हिशेबात चोख. जीएसटीचे विवरणपत्र कधी भरावयाचे, बँकेचा हप्ता केव्हा जातो, कोणत्या व्यापाऱ्याची उधारी किती दिवसांची आहे, हे त्याला तोंडपाठ. आईच्या गोळीचा वार मात्र कोणत्याच वहीत लिहिलेला नव्हता.

दुखणे मनगटाचे नव्हे, सर्व हाडांचे

हाड ही निर्जीव वस्तू नाही. शरीर जुने हाड सतत झिजवून काढते आणि त्या जागी नवे भरते. साधारण तिशीपर्यंत भरणी अधिक असते. त्या काळात साठलेली शिल्लक पुढे आयुष्यभर पुरवावी लागते. स्त्रियांची मासिक पाळी थांबल्यावर झीज एकाएकी वाढते आणि भरणी मागे पडते. हाडाच्या आतील जाळी विरळ होते. या सर्व काळात काहीही दुखत नाही, म्हणून कोणास कळत नाही. पहिली सूचना मिळते ती बहुधा हाड मोडल्यावरच.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये या विकाराची मोजपट्टी ठरवून दिली. ‘डेक्सा’ नावाच्या तपासणीत हाडाची घनता मोजतात. तिचा ‘टी-स्कोअर’ उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस समजतात. परंतु उभ्या उंचीवरून पडून ज्याचा खुबा किंवा मणका मोडला, त्याच्या बाबतीत आकडा काहीही असो, हाड ठिसूळ झाले आहे असेच धरून चालावे, असे तज्ज्ञ सांगतात. मणक्याचे फ्रॅक्चर तर पुष्कळदा कळतही नाही. वयपरत्वे पाठ वाकली, उंची कमी झाली असे आपण म्हणतो. तरुणपणीच्या उंचीत चार सेंटिमीटर किंवा अधिक घट झाली असेल, तर मणक्याचा एक्स-रे काढून घेणे योग्य ठरते.

एकदा असे हाड मोडले की पुन्हा दुसरे मोडण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, आणि पहिल्या दोन वर्षांत तो विशेष असतो. खुबा मोडलेल्या रुग्णांची पूर्वपीठिका पाहिली तर जवळजवळ निम्म्या जणांचे आधी कधी तरी मनगट, खांदा किंवा मणका मोडलेला आढळतो. म्हणजे सूचना मिळालेली होती. ती कोणी वाचली नाही.

हे दुखणे केवळ स्त्रियांचे, हाही समज सोडून द्यावा. सत्तरीच्या पुढील पुरुषांची हाडेही मोडतात. दमा किंवा संधिवात यांसाठी दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांची हाडे तर कमी वयातच विरळ होतात. पेढीवर बसणाऱ्या वडिलांची डेक्सा तपासणी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

दोन दारांमधील मोकळी जागा

हाड जोडण्याचे काम अस्थिशल्यविशारदाचे. हाड बळकट करण्याचे काम कोणाचे, हे मात्र पुष्कळदा ठरलेलेच नसते. शस्त्रक्रिया करणाऱ्याला वाटते की कुटुंबाचे डॉक्टर पाहतील; कुटुंबाच्या डॉक्टरांना वाटते की मोठ्या रुग्णालयाने सर्व पाहिले असेल. रुग्ण दोहोंच्या मध्ये राहतो.

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातील डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या अखेरीस यावर एक साधा उपाय योजला. पन्नाशीपुढील कोणीही रुग्ण हाड मोडून रुग्णालयात आला की त्याचे नाव एका परिचारिकेच्या यादीत जाते. ती त्याला भेटते, घनता-तपासणी करविते, औषध ठरविण्यास मदत करते आणि पुढेही पाठपुरावा ठेवते. या व्यवस्थेस ‘फ्रॅक्चर लायझन सर्व्हिस’ असे नाव आहे. २०१२ पासून आंतरराष्ट्रीय ऑस्टिओपोरोसिस फाउंडेशन ती जगभर रुजविण्याचा प्रयत्न करीत आहे. शिवडीच्या क्षयरुग्णाच्या घरी जाऊन चौकशी करणाऱ्या आरोग्यसेवकाचे आणि ग्लासगोच्या त्या परिचारिकेचे काम मुळात एकच आहे. जेथे अशी व्यवस्था हाताशी नसेल, तेथे ती जागा घरातील कोणी तरी घेतली पाहिजे.

औषध कोणते?

या विकारावरील औषधे अनेक आहेत आणि त्यांतील निवड रुग्णाच्या प्रकृतीइतकीच त्याच्या दिनचर्येवर अवलंबून असते. अंतिम निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावा. परंतु सल्ला घेताना पर्याय ठाऊक असलेले बरे.

पहिला पर्याय आठवड्याच्या गोळीचा. अलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम ही त्यांतील सर्वपरिचित. ती रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावयाची आणि पुढे किमान अर्धा तास आडवे व्हावयाचे नाही, काही खावयाचे नाही. चहा किंवा दूध यांच्याबरोबर घेतली तर ती शरीरात शोषली जात नाही. घेऊन लगेच झोपले तर अन्ननलिकेस इजा होऊ शकते. ज्यांना अन्ननलिकेचा त्रास आहे किंवा अर्धा तास ताठ बसवत नाही, त्यांना ती देत नाहीत. याच जातीची आयबँड्रोनेट ही गोळी महिन्यातून एकदा घेतात. परंतु खुब्याच्या रक्षणाचा पुरावा अलेंड्रोनेटचा अधिक भक्कम आहे.

दुसरा पर्याय वर्षातून एकदा शिरेतून दिल्या जाणाऱ्या झोलेड्रॉनिक ॲसिडचा. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते. ती आपोआप जाते. याविषयी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या २,१२७ रुग्णांचा अभ्यास झाला. शस्त्रक्रियेनंतर नव्वद दिवसांच्या आत हे औषध मिळालेल्यांत नव्या फ्रॅक्चरचे प्रमाण ३५ टक्क्यांनी आणि मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी कमी आढळले. मूत्रपिंडे बरीच अशक्त असतील तर हे इंजेक्शन आणि वरील गोळ्या, दोन्ही टाळतात.

तिसरा पर्याय दर सहा महिन्यांनी त्वचेखाली टोचल्या जाणाऱ्या डेनोसुमॅबचा. तो सोयीचा खरा, पण त्याची एक कठोर अट आहे. अलेंड्रोनेट काही वर्षे घेऊन थांबविली तरी तिचा अंश हाडात राहतो आणि काही काळ रक्षण करतो. डेनोसुमॅबचे तसे नाही. ते थांबताच अडवून धरलेली झीज जोराने सुरू होते आणि एकापाठोपाठ अनेक मणके मोडल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. म्हणून त्याची तारीख महिनाभराहून अधिक लांबवू नये, आणि ते बंदच करावयाचे झाल्यास लगेच दुसरे औषध सुरू करावे लागते. गावी गेलो होतो, यात्रा होती, घरात लग्न होते, या सबबी या इंजेक्शनापुढे चालत नाहीत.

चौथा पर्याय नवे हाड घडविणाऱ्या औषधांचा. टेरिपॅराटाइडचे इंजेक्शन रोज एकदा, पेनासारख्या साधनाने घरीच घेता येते. ते जास्तीत जास्त दोन वर्षे देतात. हाड फारच विरळ असेल किंवा एकाहून अधिक मणके मोडले असतील, तर याचा विचार होतो. घडलेले हाड टिकविण्यासाठी त्यानंतर वरीलपैकी एखादे औषध द्यावेच लागते. नाही तर कमावलेले पुन्हा झिजते.

शंभरांचा हिशेब

औषधाने धोका निम्मा होतो, असे ऐकले की काहींना ते जादूसारखे वाटते, तर काहींना थापेबाजीसारखे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी यासाठी एक तक्ता तयार केला. त्यात शंभर चेहरे काढलेले असतात: औषध न घेता शंभरांपैकी कितींचे हाड मोडेल आणि घेतल्यास कितींचे. रुग्णाने तो पाहून, प्रश्न विचारून, डॉक्टरांबरोबर निर्णय करावयाचा.

व्यापारी कुटुंबास हा हिशेब सहज समजेल. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अलेंड्रोनेटच्या चाचणीत, ज्यांचा मणका आधीच मोडलेला होता अशा २,०२७ स्त्रियांचा सुमारे तीन वर्षे मागोवा घेण्यात आला. औषधाविना शंभरांपैकी पंधरा जणींच्या मणक्यात एक्स-रेवर नवे फ्रॅक्चर दिसले. औषध घेणाऱ्यांत आठ जणींच्या. खुब्याचे प्रमाण शंभरात सुमारे दोनावरून एकावर आले. म्हणजे औषध घेऊनही आठ जणींचा मणका मोडला, हे खरे; आणि सात जणींचा वाचला, हेही तितकेच खरे. ही बाजू मोकळेपणाने समोर ठेवली तर एखादे हाड पुढे मोडले तरी औषध निरुपयोगी म्हणून कोणी फेकून देत नाही.

दुष्परिणामांचाही हिशेब असाच मांडावा. जबड्याचे हाड न भरणे किंवा मांडीचे हाड विचित्र रीतीने मोडणे, अशा बातम्या मोबाइलवर फिरतात. त्या खोट्या नाहीत, परंतु असे प्रसंग अतिशय विरळ असतात. दाताची मोठी कामे आधी उरकून घेणे आणि मांडीत नवीच कळ येऊ लागल्यास डॉक्टरांना कळविणे, ही काळजी पुरेशी असते. गोळ्या पाच वर्षे किंवा वार्षिक इंजेक्शन तीन वर्षे झाल्यावर काहींना विश्रांतीही देता येते. ती कोणाला द्यावयाची हे डॉक्टर ठरवितात. कपाटातील पट्टी ठरवीत नाही.

व्रतनियम सांभाळून औषध

पुष्कळ श्राविकांचे औषध सुटते ते नियमांच्या अडचणीमुळे, आणि ही अडचण त्या डॉक्टरांना संकोचाने सांगत नाहीत. वास्तविक आठवड्याची गोळी जैन दिनचर्येत सहज बसते. नवकारशीचा वेळ, म्हणजे सूर्योदयानंतरची ४८ मिनिटे, पूर्ण झाल्यावर उकळून गार केलेल्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी. उकळलेले पाणी साधेच पाणी होय. त्यानंतर आसनावर किंवा खुर्चीवर ताठ बसून एक सामायिक करावे. सामायिकाचा काळही ४८ मिनिटांचाच. त्यात खाणे नाही, आडवे होणे नाही. गोळीची अट आपोआप पाळली जाते आणि मग नाश्ता घेता येतो. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी न घेता जेवणाबरोबर घ्यावी; चौविहार असेल तर दुपारच्या किंवा सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाबरोबर.

ठरलेल्या वारी उपवास आला तर गोळी दुसऱ्या दिवशी सकाळी, पारण्याच्या अर्धा तास आधी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. राहिलेली गोळी आठवल्यावर दुसऱ्या सकाळी घेऊन पुढे नेहमीचा वार चालू ठेवता येतो. एका दिवशी दोन मात्र घ्यावयाच्या नाहीत. झोलेड्रॉनिक ॲसिडचे इंजेक्शन निर्जल उपवासाच्या आगेमागे घेऊ नये. त्या दिवशी शरीरात पुरेसे पाणी असणे मूत्रपिंडांसाठी आवश्यक असते. अठ्ठाई किंवा वर्षीतप करावयाचे असेल तर आरंभीच डॉक्टरांना आणि महाराजसाहेबांना, दोघांनाही स्पष्ट सांगावे. आजारी माणसाला कोणती सूट आहे, हे महाराजसाहेबच सांगू शकतील.

आहाराकडेही पाहावयास हवे. प्रौढास रोज सुमारे १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. एका पेल्यातील दुधात ते सुमारे २४० मिलिग्रॅम असते. १०० ग्रॅम नाचणीत ३५० च्या आसपास, आणि तिळात याहून कितीतरी अधिक. आयंबिलच्या ओळीत दूध-दही वर्ज्य, चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य. त्या दिवसांत नाचणीची आठवण ठेवावी. परंतु नुसत्या कॅल्शियमने मोडलेल्या हाडाच्या रुग्णाचे भागत नाही, हे ध्यानात असावे. कॅल्शियम म्हणजे विटा. गवंड्याचे काम औषध करते.

औषध कशापासून बनले, हा प्रश्नही रास्त आहे आणि तो विचारण्यात गैर काही नाही. काही कॅल्शियमच्या गोळ्या शिंपल्यांपासून, तर काही प्राण्यांच्या हाडांपासून बनतात. खनिज चुनखडीपासून बनलेल्याही मिळतात. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या मऊ कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते आणि आतील ‘ड-३’ बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून काढलेले असते. वनस्पतिजन्य प्रकारही उपलब्ध आहेत. अलेंड्रोनेट आणि झोलेड्रॉनिक ॲसिड ही रासायनिक प्रक्रियेने बनतात. डेनोसुमॅब प्रयोगशाळेत वाढविलेल्या प्राणिज पेशींत तयार होते. हे आधी कळले तर निवड करता येते. अर्ध्यावर कळले तर औषध सुटते. ‘ड’ जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटांची पुडी आठवड्याची किंवा महिन्याची असते, ती रोज घेतल्यास अपाय होतो, एवढे मात्र प्रत्येक घराने लक्षात ठेवावे.

आजींना विचारले का?

औषध सुरू केलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास रुग्ण वर्षभरात ते सोडून देतात, असा अनेक देशांतील अनुभव आहे. रक्तदाबाच्या गोळीचा परिणाम यंत्रावर दिसतो, मधुमेहाचा साखरेच्या आकड्यात. हाडाचे औषध लागू पडले की काहीच घडत नाही. हाड मोडत नाही, एवढाच त्याचा परिणाम. न घडलेल्या गोष्टीसाठी दर आठवड्याला गोळी घेण्यास मनाची तयारी लागते, आणि ती दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयाने होत नाही.

पुष्कळ घरांत डॉक्टरांशी मुलगा बोलतो, औषध सून आणते आणि आजी मान डोलावतात. त्यांच्या मनात मात्र असते की आता या वयात एवढा खर्च कशाला, किंवा गोळी घेतली की छातीत जळजळते पण सांगावे कसे. एखाद्या संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर त्यांच्याजवळ बसून विचारावे: ‘आजी, आठवड्याची गोळी बरी की वर्षाचे इंजेक्शन? तुम्हाला कशाची भीती वाटते?’ जळजळ असेल तर औषध बदलता येते. खर्च जड जात असेल तर त्याच औषधाचे स्वस्त जेनेरिक रूप डॉक्टरांना विचारता येते. मूकपणे सोडलेल्या औषधावर मात्र कोणालाच उपाय करता येत नाही.

यासोबत घरही पाहावे. मोरीत पकडावयास दांडी, रात्री उजेड, सरकणारी पायपुसणी दूर, आणि जुन्या चाळीच्या लाकडी जिन्यावर कठड्याचा आधार. ज्यांचा मणका मोडलेला आहे त्यांनी कमरेतून वारंवार पुढे वाकून खमासमणे देण्याआधी फिजिओथेरपिस्टला विचारावे. खुर्चीवर बसून केलेले वंदनही वंदनच असते. देरासराच्या व्यवस्थापकांनी प्रक्षाळानंतर पायऱ्या लगेच कोरड्या करवून घेतल्या आणि एका बाजूस कठडा बसविला, तर कित्येक मनगटे वाचतील.

वहीत एक पान

दिवाळीला नवी वही उघडताना पहिल्या पानावर ‘श्री’ काढण्याची आपली रीत आहे. त्याच वहीत शेवटचे एक पान आई-वडिलांच्या हाडांसाठी राखून ठेवावे. कोणते हाड केव्हा मोडले, डेक्सा कधी झाली आणि आकडा किती आला, औषध कोणते, कधी सुरू केले, पुढची मात्रा कोणत्या तारखेस, पुन्हा तपासणी केव्हा. सहामाही इंजेक्शन असेल तर त्याची तारीख लाल शाईने लिहावी आणि पंधरा दिवस आधीची खूणही करावी. घरातील एका व्यक्तीने, नातवाने किंवा सुनेने, ते पान आपल्याकडे घ्यावे. सर्वांनी मिळून सांभाळायचे म्हटले की कोणीच सांभाळत नाही, हे पेढीवर सर्वांना ठाऊक असते.

दरवर्षी २० ऑक्टोबर हा जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन असतो, आणि दिवाळीही त्याच सुमारास येते. वर्षातून एकदा हे पान उघडून आजींच्या शेजारी बसून वाचण्यास याहून सोयीचा मुहूर्त नाही.